दाताला बंद, वाऱ्याला उघडं : कोंबड्यांचं खुराडं कसं बांधायचं

(वाई तालुक्याच्या पश्चिम खोऱ्यातल्या वस्त्यांच्या बैठकीत झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. कामामुळं ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. वस्तीवर एकानं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)



आपल्या बैठकीत नेहमी दाव्यांचं बोलणं असतं. मोजणी, नकाशा, पंचनामा, ग्रामसभेचा ठराव. आज कोंबडीचं बोलायचं आहे. कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात ही कोंबडी कुठून आली? तर ती कुठून आली नाही, ती पहिल्यापासून आपल्या अंगणातच आहे. आपणच तिच्याकडं बघितलं नाही.

घरात रोख पैसा कधी येतो? मजुरीचा आला तर उचलीत वळता होतो. धोमच्या पाण्यातली मासळी रोज मिळंल असं नाही. पण पोरगं आजारी पडलं, वहीपेन्सिल आणायची झाली, तेलमीठ संपलं, की बाई कोंबडी धरते आणि बाजाराला जाते. कोंबडी ही बाईची पिशवी आहे. तिला सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही. आणि ही पिशवी एका रात्रीत रिकामी होते. रानमांजर आलं, मुंगूस आलं, आणि सकाळी दहातल्या दोन उरल्या. मग रागानं माणूस काय करतो? तारेचा फास लावतो. त्यातून काय होतं ते शेवटी सांगतो, कारण ते कोंबडीपेक्षा महाग पडतं.

आधी खुराड्याचं बोलू. सगळं सांगणं एका वाक्यात आहे, तेवढं तरी घरी न्या : खुराडं दाताला बंद पाहिजे आणि वाऱ्याला उघडं पाहिजे. आपल्याकडं दोन्ही एकदम होत नाही. चोरी झाली की आपण पत्र्याची बंद पेटी करतो. मग मे महिन्यात कोंबड्या आतच उकडून मरतात. उकाड्याला भिऊन उघडी टोपली ठेवली, तर रात्री दात आत येतो. दोन्ही कसं साधायचं, तेच आज बघायचं आहे.

कोण आलं होतं, ते आधी ओळखा

सकाळी खुराड्यापाशी गेल्यावर शिव्या देण्याआधी पाच मिनिटं नीट बघा. चोर आपली खूण ठेवून जातो.

अंडी गेली, टरफलाचा तुकडाही नाही, पिलू गायब, आणि बाकी कोंबड्यांना ओरखडाही नाही, तर साप. धामण किंवा नाग. साप अख्खं गिळतो. टरफलं फुटून पडली असतील तर मुंगूस, घूस, नाहीतर कावळा. घोरपडसुद्धा अंड्याला आणि पिलाला येते.

तीन-चार कोंबड्या मानेपाशी चावून मारल्या आणि तिथंच टाकल्या, तर मुंगूस किंवा उदमांजर. कोंडलेल्या जागेत पाखरं फडफडायला लागली की ते एकावर थांबत नाही. कोंबडी आतच आहे पण मुंडकं नाही किंवा पाय ओढून तोडलाय, तर कुणीतरी जाळीच्या बाहेरून पंजा घातलाय. म्हणजे भोक मोठं आहे आणि कोंबडी भिंतीला चिकटून बसली होती.

कोंबडी गेली आणि पिसांची रांग झुडपाकडं गेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. पायाची बोटं कुरतडली, तर घूस किंवा उंदीर. दारच मोडलं, छप्पर उचकटलं, तर गावची कुत्री किंवा बिबट्या. मातीतला ठसा बघा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. दिवसाढवळ्या पिलू गेलं तर घार, शिक्रा नाहीतर कावळा.

हे ओळखायचं कशासाठी? कारण प्रत्येकाची वाट वेगळी. साप भोकातून येतो, घूस खालून उकरते, रानमांजर उडी मारतं, कुत्रा धडक देतो. एक वाट बंद करून भागत नाही.

जागा

खुराडं घराच्या जवळ, म्हणजे रात्री कोंबड्या ओरडल्या तर झोपेत ऐकू येईल एवढ्यावर. पण चुलीला चिकटून नको. वणव्याच्या दिवसांत एक ठिणगी पुरते. भोवतीचं दहा पावलं गवत, काटेरी झुडूप, लाकडाची मोळी, दगडाचा ढीग काढा. तिथंच मुंगूस आणि साप दडून बसतात. उघड्या जागेतून पुढं यायला रानमांजर बिचकतं.

झाडाची सावली पाहिजे, पण फांदी छपरावर आलेली नको. सावली दुपारची, म्हणजे पश्चिमेच्या बाजूनं. पाणी साचतं ती जागा सोडा.

तोंड कुठं करायचं? लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला, आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला. मग सकाळचं आणि दुपारचं तिरपं ऊन आखूड भिंतीवर पडतं, कोंबड्या तापत नाहीत. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद करायची, कारण आपल्याकडं झोडपणारा पाऊसही तिकडूनच आणि संध्याकाळचं ऊनही तिकडूनच. बलकवडीच्या वर, जोरच्या बाजूला पाऊस आडवा येतो हे तुम्हाला सांगायला नको. वाईच्या पूर्वेला माळावर पाऊस कमी आणि ऊन जास्त. दोन्हीकडं पश्चिम बंदच ठेवायची, कारण मात्र वेगळं.

माप

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा, रात्रीपुरते कोंडायचे, दिवसा मोकळे. त्याला पाच फूट लांब आणि चार फूट रुंद पुरतं. म्हणजे एका पाखराला साधारण दोन चौरस फूट. वीस ठेवायच्या असतील तर दुप्पट. कमी जागेत जास्त कोंडल्या की उन्हाळ्यात गुदमरतात आणि एकमेकींना टोचतात.

खुराडं जमिनीवर नको, मेढींवर उभं करा. जमिनीपासून तीन फूट. आपल्या पडवीतला धान्याचा माच असतो तसं. यानं तीन कामं होतात : पावसात ओल वर येत नाही, उन्हाळ्यात खालून वारा लागतो, आणि घुशीला उकरून आत येता येत नाही.

चारही मेढींना तेलाच्या डब्याचा पत्रा उलगडून गुंडाळा, दीड फूट उंचीचा, गुळगुळीत. उंदीर, घूस त्यावरून घसरतात. मेढीचं टोक जमिनीत जायच्या आधी डांबर नाहीतर जुनं इंजिन तेल लावा, वाळवी लागत नाही. वर चढायची शिडी सुटी ठेवा. कोंबड्या आत गेल्या की शिडी काढून घरात. शिडी लावून ठेवली तर पत्रा गुंडाळून उपयोग काय?

तळ आणि भिंती

तळाला बांबू ठेचून त्याचा फडा करा, जवळजवळ बसवा, वरून शेणमातीचं लिंपण. लिंपण वाळलं की भाताचं तूस किंवा कोरडा पाला तीन-चार बोटं. आठवड्यातून एकदा काढून उकिरड्यात टाका. नाचणीला आणि परसातल्या भाजीला याच्यासारखं खत नाही, पण ताजं घालू नका, मुरू द्या.

पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती कुडाच्या. कारवी किंवा मेसाच्या कांब्या, दोन्ही बाजूंनी शेणमाती. कुडाची भिंत पत्र्यासारखी तापत नाही आणि थंडीत गारठत नाही. हे शहाणपण आपल्या घरांत आधीपासून आहे, विकत आणायचं नाही.

उत्तर आणि दक्षिणेला खालचा दीड फूट कुड, आणि त्याच्या वर छपरापर्यंत जाळी. विकत घ्यायची खरी वस्तू एवढीच. त्यात काटकसर करू नका. बाजारात षटकोनी भोकाची पातळ जाळी स्वस्त मिळते, तिला कोंबडीची जाळीच म्हणतात. ती कोंबडीला आत ठेवते, पण चोराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातानं फाडतो, मुंगसाचं पिल्लू आणि साप तिच्यातून आत येतात. घ्यायची ती वेल्डिंगची, चौकोनी अर्ध्या इंचाची. दुकानात आपलं बोट घालून बघा. करंगळी शिरली आणि बाकीची बोटं अडली तर चालेल. अंगठा गेला तर ती जाळी सोडा. जाळी खिळ्यानं नुसती टोचू नका. बाहेरून बांबूची चिप ठेवून तिच्यावरून खिळे मारा, म्हणजे ओढली तरी सुटत नाही.

जुन्या खुराड्याला पाय नसतील आणि ते जमिनीवरच असेल, तर भिंतीच्या बाहेर दीड फुटाची जाळी जमिनीवर आडवी पसरा, वर माती आणि दगड. उकरणारा भिंतीच्या मुळाशी येऊन उकरतो, त्याला मागं सरकायचं सुचत नाही. पायाखाली जाळी लागली की सोडून देतो.

बसायची काठी

कोंबडीला रात्री दिसत नाही. म्हणून ती उंचावर बसते आणि पहाटेपर्यंत हलत नाही. तिच्या या सवयीचा आपण उपयोग करायचा. आत दोन आडव्या काठ्या, मनगटापेक्षा थोड्या बारीक, गोल, गाठी तासलेल्या. एका कोंबडीला आठ इंच धरा. पाच फुटाच्या दोन काठ्यांवर अकरा पाखरं आरामात बसतात. काठी भिंतीपासून सव्वा फूट आत. का? बाहेरून पंजा घातला तरी पोचू नये. मुंडकं गेलेल्या कोंबडीची गोष्ट इथंच संपते.

दोन्ही काठ्या एकाच उंचीवर ठेवा. एक वर, एक खाली ठेवली तर सगळ्या वरच्या काठीसाठी भांडतात.

छप्पर आणि ऊन

आता उन्हाचं. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ ते ४२ अंश. बाहेर ३५ च्या वर गेलं की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. चाळिशीला टेकलं आणि हवा कोंडली की मरायला लागते. म्हणून छप्पर महत्त्वाचं.

नुसता पत्रा म्हणजे तवा. नुसतं गवत म्हणजे मांजराला आणि बिबट्याला उचकटायला सोपं, आणि आपल्या पावसात कुजतं. तर खाली पत्रा आणि वर गवत, असं करा. पत्रा दात आणि पाणी अडवतो, गवत ऊन अडवतं. शिमग्याच्या आधी पत्र्यावर वीतभर गवत किंवा पेंढा चढवून बांबूनं आवळून बांधा, मृगाच्या आधी उतरवून टाका. कौलं असली तर उत्तम, पण कौलाखाली जाळी पाहिजे. कौल सरकवणं उदमांजराला सोपं असतं. पत्र्यावर गवत चढवणं जमत नसेल तर निदान चुन्याचे दोन हात मारा. पांढरा पत्रा कमी तापतो.

छपराच्या वळचणी चारही बाजूंनी दोन फूट बाहेर, पश्चिमेला तीन. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये जी फट राहते ती बुजवू नका. गरम हवा तिथूनच बाहेर जाते. बुजवायची नाही, जाळी मारायची.

उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि सांजच्याला. भर दुपारी घालू नका, खाल्लेलं पचवताना कोंबडी आतून तापते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं. एखादी पडलीच तर सावलीत नेऊन पाय गार पाण्यात धरा, चोचीला पाणी लावा. अख्खी बुडवू नका.

थंडी आणि पिलं

महाबळेश्वर-पाचगणीच्या पायथ्याला राहतो आपण. पौषात खोऱ्यात गारवा उतरतो, पहाटे दव गोठल्यासारखं वाटतं. पण मोठी कोंबडी थंडीनं सहसा मरत नाही. ती ओलीनं आणि अंगावरच्या झोतानं मरते. अंग फुगवून ती आपली ऊब धरते. म्हणून थंडीत खुराडं गच्च बंद करू नका. जाळीला बाहेरून गोणपाट बांधा, ते खालून वर चढवायचं आणि वरची चार बोटं उघडी सोडायची. म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा येत नाही आणि डोक्यावरून वाफ निघून जाते.

बरोबर झालंय का, कसं कळणार? पहाटे दार उघडून डोकं आत घाला. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर हवा कमी आहे. तोच झणका कोंबड्यांनी रात्रभर घेतलाय, त्यातूनच त्यांना सर्दी धरते. वास नुसता कोंबडीचा आला, झणका नाही, तर ठीक.

पिलांची गोष्ट वेगळी. खुडूक कोंबडी २१ दिवस बसते, तिला आणि तिच्या पिलांना खाली कोपऱ्यात वेगळा कप्पा करा. आई असली की उबेची काळजी तिची. पण विकतची पिलं आणली तर आई तुम्ही. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी. वस्तीवर वीज आहे तिथं टोपलीखाली बल्ब. वीज नाही तिथं गरम पाण्याचं मडकं गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा, रात्री दोनदा बदला. निखाऱ्याची शेगडी कोंडलेल्या जागेत नको, धुरानं पिलं जातात. मोजायला यंत्र नको, पिलांकडं बघा. एकावर एक चढली तर थंडी वाजतेय. कडेला पळाली, चोची उघड्या, तर गरम होतंय. सगळीकडं सारखी पसरून झोपली तर बरोबर.

दार, रात्र आणि कुत्रा

निम्म्या चोऱ्या दारातून होतात. दार एवढं करा की बाईला वाकून आत हात घालता येईल, झाडता येईल. दाराला बाहेरून दोन कोयंडे, एक वर, एक खाली. एकच असला की कुत्रा खालचा कोपरा ढकलून फट करतो. दोरीची गाठ म्हणजे दार नव्हे.

दिवे लागणीच्या आधी कोंबड्या मोजून आत, आणि कोयंडे लावल्यावर एकदा हात लावून बघायचा. हे काम एका माणसाचं ठरवून द्या. "मला वाटलं तू लावलंस" यात जेवढ्या कोंबड्या गेल्या तेवढ्या मुंगसानं नेल्या नसतील.

आता बिबट्या. वाईत आहे, कराड-शिराळ्याच्या उसात आहे, त्याचं नवल राहिलेलं नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले भागात, उसाच्या मुलखात, बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाण्यात वजनानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचा निघाला, ३९ टक्के. याचा आपल्याला काय धडा? खुराड्याच्या राखणीला कुत्रा उघड्यावर साखळीनं बांधला, तर आपण बिबट्याला जेवायचं आमंत्रण देतोय. कुत्रा मोकळा ठेवा नाहीतर रात्री पडवीत आत घ्या. कोंबडी सोललेली घाण, मासळीची डोकी वस्तीजवळ टाकू नका, खड्ड्यात पुरा. त्या वासावर आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या.

रात्री कोंबड्यांनी गलका केला तर एकट्यानं, अंधारात, वाकून जाऊ नका. बॅटरी घ्या, आवाज करा, दोघं जा. पोराला पाठवू नका. खुराडं भक्कम असेल तर ते तुमच्याशिवायही पाच मिनिटं टिकतं. भक्कम बांधायचं ते यासाठी.

दिवसा घारीपासून पिलांना डालगं आहेच. पिलं मोठी होईपर्यंत आईसकट डालग्याखाली, वर दगड. मोकळ्या कोंबड्यांना लपायला अंगणात दोन-तीन ठिकाणी काट्याकुट्यांचा बुटका मांडव करा. घार वरून दिसली की त्या त्याखाली शिरतात.

मानमोडी

एवढं भक्कम खुराडं बांधलं आणि मानमोडी आली, तर आठवड्यात सगळं रिकामं. त्याला जाळी चालत नाही, लसच पाहिजे. पिलू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा, डोळ्यात किंवा नाकात थेंब. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून घ्यायची. अडचण कुठं येते? लसीची बाटली बहुतेक शंभर पाखरांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? एकट्यानं होत नाही, वस्तीनं होतं. सगळ्या घरांची पाखरं मोजा, आकडा घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, दिवस ठरवा, आदल्या रात्री सगळ्या कोंडून ठेवा. पहाटे एका तासात काम संपतं.

वीटभट्टीला जाताना

दिवाळीनंतर निम्मी वस्ती भट्टीवर जाते. मागं म्हातारी माणसं आणि कोंबड्या. म्हणून खुराडं बांधताना मापं तरण्या माणसाची घेऊ नका. कोयंडा म्हातारीच्या हाताला पोचला पाहिजे, शिडी तिला उचलली पाहिजे. चार घरांनी मिळून एक मोठं खुराडं ठेवलं आणि राखणाऱ्या आजीला अंड्यातला वाटा दिला, तर तिलाही आधार होतो आणि चार घरांच्या कोंबड्या आखाड लागेपर्यंत टिकतात. उचल फेडायला कोंबडी विकून जाणं आणि परत आल्यावर शून्यापासून सुरू करणं, हा फेरा इथं मोडतो.

फास नको, करंट नको

आता सुरुवातीला राखून ठेवलेलं. मुंगूस मारायला तारेचा फास लावला. त्यात मुंगूस अडकत नाही, बिबट्या अडकतो, भेकर अडकतं, आपलंच करडू अडकतं. मग पंचनामा, मग अटक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. बिबट्या त्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक कलमात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मुंगूसही तिथंच गेलं. विष घातलं तरी तेच. तारेत करंट सोडला तर रात्री लघवीला उठलेलं माणूस मरतं, आणि खुनासारखा गुन्हा होतो.

आपल्या लोकांवर शिकारीचा शिक्का मारायला अनेकजण टपून बसलेले असतात. एका कोंबडीसाठी कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या की मजुरी बुडते, वकिलाला पैसे जातात, आणि दाव्याच्या वेळी "हे जंगलाचे नुकसान करणारे" असं बोलायला आयती संधी मिळते. अर्ध्या इंचाची जाळी याहून स्वस्त आहे.

हक्काचं

शेवटी, बांबू आणि कारवी कुठून आणायची? इथं खुराडं आणि आपला लढा एक होतात. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट आहे, झुडूप-काटक्याही आहेत. परंपरेनं गोळा करत आलेलं गौण वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा कलम ३(१)(ग) प्रमाणं हक्क आहे. पण तो हक्क कागदावर यायला सामूहिक दावा पाहिजे. ज्या वस्तीचा सामूहिक दावा अजून भरलेला नाही, त्यांनी घराला आणि खुराड्याला आपण कुठून, कधीपासून, काय काय आणतो याची यादी करा. ती यादीच दाव्याचा मजकूर आहे. म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घ्या. नियम १३ प्रमाणं तोही पुरावा आहे.

दुसरं, वैयक्तिक दाव्याची मोजणी. मोजणीला माणसं आली की घराच्या भिंतीला टेप लावून मोकळी होतात. तसं होऊ देऊ नका. नियम १३ मध्ये घर, झोपडी, केलेलं सपाटीकरण, बांध हे पुरावे म्हणून लिहिलेले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनं असंही आलं की शेतीला जोडून असलेल्या कामाची जागा, जसं जनावरं ठेवणं, मळणी-उफणणी, धान्य साठवणं, ही चार हेक्टरच्या मर्यादेत दाव्यात धरायची. कोंबडीचं नाव तिथं नाही, पण यादी "जसं की" म्हणून दिलेली आहे. तेव्हा अंगण, गोठा, खळं, खुराडं, उकिरडा हे सगळं आत घेऊनच मोजणी करून घ्या, आणि नकाशावर दाखवा. पती-पत्नी दोघांच्या नावानं.

मात्र एक ध्यानात ठेवा. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. नवीन खुराडं हा जुना कब्जा होत नाही. म्हणून खुराड्यासाठी नवीन जंगल तोडू नका, जुन्या अंगणातच बांधा. आणि दावा प्रलंबित असताना कुणी येऊन "हे खुराडं उचला, घर उचला" म्हणालं, तर कलम ४(५) सांगा : दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. तोंडी भांडू नका. लेखी आदेश मागा, आणि त्याच दिवशी गावच्या वनहक्क समितीला कळवा.

पुढच्या बैठकीपर्यंत

एवढं करून या :

१. प्रत्येक वस्तीनं आपली पाखरं मोजून आकडा आणावा, लसीसाठी.

२. गेल्या वर्षभरात कुणाच्या किती गेल्या आणि कोणत्या खुणा होत्या, ते विचारून यावं. बायकांना विचारा, त्यांना नीट आठवतं.

३. बांबू पावसाळ्यात तोडू नका, पोखरतो. थंडीत तोडून दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळवा. तो वर्षानुवर्षं टिकतो.

४. जाळीचं भेंडोळं पाच-सहा घरांनी मिळून घ्या. सुटी फूटभर घेतली की महाग पडते.

५. वस्तीत एक खुराडं आधी सगळ्यांनी मिळून बांधा, एकट्या बाईच्या घरचं. बांधता बांधता बाकीचे शिकतील.

साथींनो, वाघरू आपलं वैरी नाही, मुंगूसही नाही. ती पोटासाठी येतात. आपण या जंगलात त्यांच्याबरोबर राहत आलो आणि पुढंही इथंच राहणार आहोत. त्यांना त्यांचं रान, आपल्याला आपलं अंगण. मधली भिंत मात्र नीट बांधलेली पाहिजे.

जिंदाबाद.